आधी डीएसओ, मग बाकी सगळं

परदेशात शिकणारी मुलं आणि त्यांच्या घरचे, यांच्या प्रश्नांचं हे सदर. या वेळी पत्रांचा ढीग आलाय आणि त्यातला बराचसा अमेरिकेतला, एफ-वन म्हणजे विद्यार्थी म्हणून राहायच्या स्टेटसबद्दलचा. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. मी तिकडच्या एका युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघितलेलं आहे, पण मी वकील नाही हे आधीच सांगून ठेवते. पत्रं छोटी केलीत, नावं गाळलीत.

दोन शब्द सारखे येतील ते आधी समजून घ्या. सेव्हिस म्हणजे अमेरिकन सरकारचा परदेशी विद्यार्थ्यांचा डेटाबेस, आणि डीएसओ म्हणजे युनिव्हर्सिटीतला तो माणूस ज्याच्याकडे त्या डेटाबेसचा लॉगिन असतो.

मुलगी पीएचडी करतेय, पाचवं वर्ष. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय आणि डिग्रीला अजून वर्ष आहे. माझे दीर म्हणाले आता ती तिथे बेकायदेशीर होणार, उचलून परत पाठवतील. ती म्हणते काही होत नाही आई. मला झोप नाही.
— सांगलीहून एक आई

ताई, मुलगी बरोबर आहे, दिरांना चहा पाजा आणि सोडून द्या.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा फक्त आत शिरायचा पास आहे. आपल्याकडच्या मुलांना तो साधारण पाच वर्षांचा मिळतो, आणि पीएचडीला पाचपेक्षा जास्त वर्षं लागतातच, त्यामुळे असं शेकडो मुलांचं होतं. आत राहायची परवानगी वेगळ्या कागदांवर चालते, एक आय-ट्वेंटी आणि दुसरं आय-नाइन्टीफोर. आय-ट्वेंटी युनिव्हर्सिटी देते, त्याच्या पहिल्या पानावर प्रोग्राम संपायची तारीख छापलेली असते, ती तारीख म्हणजे खरी तारीख. आय-नाइन्टीफोर ही एअरपोर्टवरच्या एन्ट्रीची नोंद, ती ऑनलाइन डाउनलोड करता येते, आणि विद्यार्थ्यांच्या आय-नाइन्टीफोरवर ठरावीक तारखेऐवजी डी स्लॅश एस अशी अक्षरं असत आली आहेत, म्हणजे स्टेटस टिकून आहे तोवर राहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ही पद्धत काढून त्याजागी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख द्यायचा प्रस्ताव आणला, म्हणून मुलीला सांगा की दर वेळी आत गेल्यावर आय-नाइन्टीफोर काढून बघायचं, त्यावर अक्षरं आहेत की तारीख, आणि तारीख असेल तर ती कॅलेंडरवर.

आता खरी काळजी कुठे करायची ते सांगते. ती तिथे बसून आहे तोवर ठीक. ती एकदा भारतात आली की परत जायला नवा व्हिसा लागणार, म्हणजे बीकेसीच्या कॉन्सुलेटची किंवा दुसऱ्या शहरातली अपॉइंटमेंट, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून इंटरव्ह्यूतून सूट जवळपास बंद झालीय, आधी ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकून मोकळं होता यायचं ते दिवस गेले. शिवाय २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला सांगतात. तेव्हा गणपतीला आठ दिवस ये म्हणून हट्ट करू नका, अपॉइंटमेंट हातात असल्याशिवाय तर नाहीच. आणि यायचंच ठरलं तर आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर डीएसओची ट्रॅव्हल सही आहे का, एक वर्षाच्या आतली आहे का, हे निघायच्या आधी बघायचं. ही सही विसरून मुंबईच्या विमानतळावरून ऑफिसला मेल करणारी मुलं दर सुट्टीत असतात, आणि तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात.

एक जाता जाता. व्हिसा संपलेला असतानाही कॅनडाला किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं, त्याला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात, पण तिकडे जाऊन नव्या अमेरिकन व्हिसाचा अर्ज केला की ही सोय गेली. आणि आपल्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा आधी लागतोच. पासपोर्ट मात्र कायम व्हॅलिड पाहिजे, तो तिकडेच भारतीय कॉन्सुलेटकडून रिन्यू होतो.

मॅडम, मी डॅलसजवळ एमएस करतोय, घर तारण ठेवून ४० लाखांचं लोन आहे. ऑन-कॅम्पस जॉब मिळेना. रूममेट गॅस स्टेशनवर कॅशमध्ये काम करतो, वीकेंडला दुसऱ्याच्या अकाउंटवर फूड डिलिव्हरी करतो. सगळेच करतात. खरंच काही होतं का?
— एक विद्यार्थी, टेक्सस

सगळे नाही, पण खूप जण करतात हे खरं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच होत नाही हेही खरं आहे. मी तुला खोटं घाबरवणार नाही. पण कशाची जोखीम घेतोयस ते नीट बघ.

एफ-वनच्या बाकीच्या बहुतेक चुका दुरुस्त होऊ शकतात. क्रेडिट कमी पडले, तारीख चुकली, पत्ता कळवायचा राहिला, तर रीइन्स्टेटमेंट, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मिळवायचा, एक दरवाजा असतो. परवानगीशिवाय काम केलं की तो दरवाजा बंद, तशी अटच आहे. आणि पकडलं जाणं म्हणजे काही रेड पडणंच असं नाही. गॅस स्टेशनवर रात्री दरोडा पडतो, टेक्ससमध्ये हे काही नवल नाही, पोलिस येतात, काउंटरमागे कोण होतं ते रिपोर्टमध्ये लिहितात, झालं. किंवा दहा वर्षांनी तू ग्रीन कार्डचा फॉर्म भरतोयस आणि त्यात सरळ प्रश्न येतो, परवानगीशिवाय कधी काम केलंय का. तिथे हो लिहिलंस तर एक अडचण, नाही लिहिलंस तर सरकारला खोटं सांगितलंस, ती त्याहून मोठी. दुसऱ्याच्या डिलिव्हरी अकाउंटवर काम करणं तर दुहेरी भानगड, कमाई तुझी आणि टॅक्स त्याच्या नावावर, आणि भांडण झालं की तोच तुझे स्क्रीनशॉट घेऊन फिरतो.

कायदेशीर काय आहे ते ऐक. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ऑफिशियल सुट्टीत पूर्णवेळ. २० म्हणजे २०, सगळे कॅम्पस जॉब मिळून, आणि दर आठवड्याला, सरासरी काढायची नाही. टीएशिप, म्हणजे प्रोफेसरला शिकवण्यात मदत करायचं काम, २० तासांची असेल तर लायब्ररीतले दोन तास सुद्धा नियमभंग. जॉब मिळत नाहीत म्हणतोस तर विचार, मुलं जाहिरातीची वाट बघत बसतात. डायनिंग हॉल, जिम, पार्किंग ऑफिस, सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी स्वतः जाऊन उभं राहायचं, कारण तेव्हाच सीनियर सोडून गेलेले असतात आणि मॅनेजर शेड्यूल भरत बसलेला असतो. भांडी घासायचं काम आहे म्हणून नाक मुरडणारे आपलेच असतात, आणि तेच नंतर गॅस स्टेशनवर उभे राहतात!

आणि एक सोय जी फार कमी जणांना माहीत असते. एफ-वनवर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालं असेल आणि घरी अचानक आर्थिक संकट आलं, वडील गेले, नोकरी गेली, दवाखान्याचं मोठं बिल आलं, तर सिव्हियर इकॉनॉमिक हार्डशिपखाली कॅम्पसबाहेर २० तास काम करायची परवानगी मागता येते. आधी डीएसओची शिफारस, मग सरकारकडे अर्ज, कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आल्यावरच काम. संकट अनपेक्षित असावं लागतं. लोन घेतलंय हे कारण चालत नाही, ते तुला निघतानाच माहीत होतं.

इंटर्नशिपचंही तसंच. सीपीटी म्हणजे कोर्सचा भाग म्हणून केलेलं ट्रेनिंग. ऑफर लेटर आलं म्हणजे काम सुरू असं नाही, सीपीटीची नोंद असलेलं नवीन आय-ट्वेंटी हातात पाहिजे आणि त्यावरची तारीख उजाडली पाहिजे. बॉस म्हणाला म्हणून दोन दिवस आधीच लॉगिन करून बसलेली मुलं मी बघितलीत. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने केलं की त्या डिग्रीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षण संपल्यावर आपल्या विषयात काम करायची परवानगी, गेली, म्हणून ११ महिन्यांवर हिशोब ठेवतात.

इथे बसून पुण्याच्या जुन्या कंपनीचं रिमोट काम करू का, असंही तीन-चार जणांनी विचारलंय. यावर वकिलांतच दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर नको.

उद्या कोर्स ड्रॉप करायची शेवटची तारीख आहे. ९ क्रेडिट घेतलेत, एकात नापास होणार हे दिसतंय. ड्रॉप केला तर जीपीए वाचतो. करू का?
— एमएस, पहिली सेमिस्टर

उत्तर छापून येईपर्यंत तुझी उद्या उलटून गेली असेल, तुला मेल केलाय, पण बाकीच्यांसाठी लिहिते कारण हा प्रकार दर सेमिस्टरला होतो.

आधी डीएसओ, मग ड्रॉपचं बटण. हा क्रम उलटा झाला की संपलं. बॅचलर्सला किमान १२ क्रेडिट लागतात, मास्टर्सला युनिव्हर्सिटी ठरवते, बहुतेक ठिकाणी ९. त्याखाली जायचं तर रिड्यूस्ड कोर्स लोडची मंजुरी आधी सेव्हिसमध्ये पडली पाहिजे. पोर्टल तुला अडवत नाही, तिथे बटण सगळ्यांना सारखंच दिसतं, अमेरिकन मुलालाही आणि तुलाही, आणि त्यामुळेच फसायला होतं. प्रोफेसर म्हणाले चालेल, ॲडव्हायझर म्हणाला चालेल, त्यांना एफ-वनचं काही माहीत नसतं, त्यांच्या हो म्हणण्याला इथे किंमत नाही.

मंजुरीची कारणं ठरलेली आहेत. सुरुवातीच्या काळात इंग्लिश किंवा वाचनाचा भार झेपत नाहीये, तिकडच्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नाही, किंवा चुकीच्या लेव्हलचा कोर्स पदरात पडलाय. पहिल्या सेमिस्टरला यातलं काहीतरी खरोखर लागू पडतं. दुसरं कारण वैद्यकीय, आणि इथे मला जरा थांबायचंय. डिप्रेशन, पॅनिक अटॅक हे सगळं वैद्यकीय कारणात बसतं, डॉक्टरचं किंवा लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टचं पत्र चालतं, आणि एका डिग्रीत एकूण १२ महिन्यांपर्यंत ही सवलत मिळू शकते, अगदी शून्य क्रेडिटवर सुद्धा. पण आपली मुलं तिथे जातच नाहीत. घरी कळेल, लोक काय म्हणतील, रेकॉर्डवर येईल. मग क्लासला जाणं बंद, मेल उघडणं बंद, आणि ऑफिसला कळतं तेव्हा सेव्हिस टर्मिनेट करायची वेळ आलेली असते. घरी सांगायचं नसेल तर नका सांगू, पण ते पत्र आणा.

ऑनलाइन कोर्सची मोजदाद वेगळी. पूर्णवेळच्या हिशोबात एका टर्मला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट, धरतात. शेवटच्या सेमिस्टरला एकच कोर्स उरला असेल तर तो पूर्ण ऑनलाइन घेऊ नका.

ओपीटी सुरू होऊन दोन महिने झाले, नोकरी नाही. एक कन्सल्टन्सी म्हणते आम्ही ऑफर लेटर देतो, दिवस मोजायचे थांबतील, काम मिळालं की बघू. ५०० डॉलर मागतायत. घेऊ का?
— न्यू जर्सीहून

नाही.

तुम्हाला कारण पाहिजे असेल तर, २०१९ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात अशाच कागदी कंपन्यांचा खटला उभा राहिला, ज्यांचं काम फक्त मुलांना नोकरीवर आहे असं दाखवणं एवढंच होतं. मालकावर खटला झाला ते झालंच, पण ज्यांच्या रेकॉर्डवर त्या कंपन्यांची नावं होती ती मुलंही अडचणीत आली, कुणाचा व्हिसा अडकला, कुणाला एअरपोर्टवरून परत पाठवलं. कंपनीचं नाव एकदा सेव्हिसमध्ये गेलं की ते पुसता येत नाही. आणि स्टेमच्या, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगसारख्या विषयांना मिळणाऱ्या वाढीव ओपीटीच्या, एक्स्टेन्शनमध्ये तर अधिकारी कामाच्या जागी येऊन बघू शकतात, तिथे टेबलही नसेल तर काय दाखवणार?

आता तुमचे ९० दिवस, म्हणजे ओपीटीत बिननोकरीचे जास्तीत जास्त तेवढेच चालतात. ते ओपीटी सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, शनिवार-रविवार धरून. मधल्या काळात तुमच्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं खरं काम मिळालं, बिनपगारी असलं तरी, तर पहिल्या वर्षाच्या ओपीटीत ते चालतं आणि मोजणी थांबते. प्रोफेसरच्या लॅबमध्ये, एखाद्या नॉन-प्रॉफिटमध्ये, जिथे बिनपगारी काम करणं कायद्याने चालतं तिथे. लेटरहेडवर पत्र घ्या, तास लिहून ठेवा, आणि दहा दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवा. पुढचं २४ महिन्यांचं स्टेम एक्स्टेन्शन मात्र बिनपगारी होत नाही, तिथे ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, असलेली कंपनी आणि सही केलेला ट्रेनिंग प्लॅन लागतो, आणि बेकारीचे दिवस दोन्ही मिळून १५० पर्यंत.

डे-वन सीपीटीबद्दलही विचारलंय बऱ्याच जणांनी, पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी देणाऱ्या कॉलेजांबद्दल. सगळी खोटी नाहीत. पण २०१९ चं मिशिगनचं फार्मिंग्टन विसरू नका, ती युनिव्हर्सिटी सरकारी एजंटांनीच उघडली होती, क्लास नव्हते, शिक्षक नव्हते, फी होती, आणि अडकलेल्यांत बहुतेक मुलं भारतीय होती. जिथे वर्गात जायला लागत नाही तिथे तुम्ही विद्यार्थी कसे, हा प्रश्न व्हिसा ऑफिसरच्या आधी स्वतःला विचारा.

स्पीडिंग तिकीट मिळालं तर स्टेटस जातं का? आणि टॅक्स भरायचा का, कमाई तर शून्य आहे.
— ॲरिझोनातले दोन रूममेट

साध्या तिकिटाने नियमाप्रमाणे स्टेटस जात नाही, दंड भरा आणि पावती जपून ठेवा. जपून का, तर २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये सरकारने पोलिस डेटाबेसशी नावं जुळवून हजारो विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड टर्मिनेट केले, त्यात कित्येकांवर ट्रॅफिकच्या किंवा रद्द झालेल्या किरकोळ केसेस होत्या. मुलं कोर्टात गेली, एप्रिलच्या शेवटी सरकारने रेकॉर्ड परत सुरू केले. ज्यांच्याकडे केस बंद झाल्याचा कागद तयार होता त्यांच्या वकिलांचं काम सोपं झालं. दारू पिऊन गाडी चालवणं ही मात्र वेगळी गोष्ट, नुसत्या अटकेवर व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाचा निकाल लागायच्या आधी.

गांजा ॲरिझोनात दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्याने तो गुन्हाच आहे आणि तुमचा व्हिसा फेडरल आहे. आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मशीन विचारतं मतदार म्हणून नोंदवू का, तिथे घाईत हो दाबू नका. मी नागरिक आहे असं खोटं सांगितल्याची नोंद झाली तर ती आयुष्यभर पाठ सोडत नाही.

टॅक्स नसला तरी फॉर्म ८८४३ सगळ्यांनी भरायचा. कमाई असेल तर १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचा टॅक्स फॉर्म, साधा १०४० नाही, नेहमीची सॉफ्टवेअर तुम्हाला गुपचूप रेसिडेंट करून टाकतात. पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचे, पैसे कापले जायला नकोत, पे-स्लिप बघा, कापले असतील तर मागा.

मुलगा ओहायोत एमएस करतो. मे मध्ये आय-ट्वेंटीची मुदत संपली, थिसिस राहिला होता. सर हो म्हणाले म्हणून तो काम करत राहिला, मुदत वाढवायची असते हे लक्षातच आलं नाही. आता ऑफिस म्हणतं स्टेटस गेलं. पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न आहे. बोलावून घेऊ का?
— लातूरहून एक वडील

काका, लगेच बोलावू नका. दोन रस्ते आहेत आणि एकावर पाऊल टाकलं की दुसरा बंद होतो.

पहिला रीइन्स्टेटमेंट. आय-५३९ नावाचा अर्ज, स्टेटस गेल्यापासून पाच महिन्यांच्या आत, डीएसओच्या शिफारशीसह. मे पासून मोजा, वेळ पळतोय. परिस्थिती हाताबाहेर होती हे दाखवावं लागतं, नुसतं लक्षात राहिलं नाही हे कारण लंगडं आहे. पण सरांनी विषय बदलायला लावला, लॅबचा डेटा उशिरा आला, मध्ये आजारपण होतं, असं काही खरंच झालं असेल तर त्याचे मेल, तारखांसकट, आजच गोळा करायला सांगा. अर्ज चालू असताना त्याने शिकत राहायचं, पण काम बंद, कॅम्पसवरचंही. निर्णयाला महिने लागतात. आणि या काळात तो देशाबाहेर गेला की अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणजे लग्नाला येणं नाही.

दुसरा रस्ता, परत यायचं, नवीन आय-ट्वेंटी, पुन्हा ३५० डॉलर सेव्हिस फी, व्हिसाचा प्रश्न, आणि पुन्हा प्रवेश. यात लग्न मिळतं. पण घड्याळ शून्यावर येतं, ओपीटीसाठी परत एक शैक्षणिक वर्ष पूर्ण करावं लागतं, आणि ज्याचा नुसता थिसिस उरलाय त्याच्यासाठी हे फार महाग पडतं. व्हिसा मिळेलच असंही नाही.

त्याने मध्ये कॅम्पसवर काम चालू ठेवलं होतं का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मे नंतर एक दिवसही केलं असेल तर पहिला रस्ता जवळपास गेलाच समजा, आणि ते त्याने वकिलाला खरं सांगितलं पाहिजे, डीएसओला सांगायच्याही आधी, कारण डीएसओला कळलेलं सेव्हिसमध्ये जातं, वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं. बऱ्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला केंद्र असतं, फुकट किंवा नाममात्र फीत, पण सगळीकडे इमिग्रेशनचं काम बघत नाहीत, निदान चांगल्या वकिलाचं नाव तरी देतात. या आठवड्यात जायला सांगा. विमानाचं तिकीट त्यानंतर.